जुन्या क्लासिकल गिटारचं लाकूड ओळखायचंय? मग रंग सगळ्यात शेवटी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मामांची जुनी क्लासिकल गिटार तुमच्याकडे आलीये, आतलं लेबल अर्धं फाटलंय पण १९५८ साल वाचता येतंय, ब्रिजच्या (तारा बांधतात त्या पट्टीच्या) खालून टॉपला, म्हणजे पुढच्या पातळ फळीला, लांब भेग गेलीये, ब्रिजची मागची कड उचललीये, आणि कामाला हात घालायच्या आधी लाकडं कुठली ते कळायला हवंय. फोटो बघून एकाने टॉप सीडरचा सांगितला, दुसऱ्याने बॅक ब्राझिलियन रोजवूडची म्हणून सांगितलं, आणि फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची पट्टी, काळा आहे म्हणजे मुळातच काळं असणारं एबनीच असं तुम्ही धरून चाललाय.

मी पंचवीसएक वर्षं जुनी वाद्यं उघडतोय, जोडतोय, आणि त्या अनुभवावरून सांगतो, या तिन्हीपैकी एकही गोष्ट फोटोवरून ठरवता येत नाही. कारण फोटोत दिसतो तो रंग, आणि साठ-पासष्ट वर्षांच्या वाद्यात रंग हा लाकडाचा कमी आणि पॉलिशचा, उन्हाचा, धुराचा, हाताच्या घामाचा जास्त असतो. नवीन असताना स्प्रूस, म्हणजे टॉपला लावतात ते एक सूचिपर्णी लाकूड, जवळजवळ सायीच्या रंगाचा असतो, तोच म्हातारा झाला की मधासारखा, कधीकधी चक्क विटकरी होतो, त्यात बनवणाऱ्याने पॉलिशमध्ये रंग टाकला असेल तर विचारूच नका. उलट रोजवूड उजेडात राहून राहून फिकट तपकिरी पडतं. म्हणून रंग बाजूला ठेवा आणि आधी एकच काम करा, गिटारवर जिथे पॉलिश कधी पोचलंच नाही अशा जागा शोधा.

अशा जागा वाटतात त्यापेक्षा बऱ्याच असतात. मशीन हेडच्या, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांच्या, पट्ट्यांचे स्क्रू काढले की खाली हेडस्टॉकचं कोरं लाकूड मिळतं. नट, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती बारीक पट्टी, सुटून आला तर त्याच्या खाचेत नेकचं (मानेचं) आणि फ्रेटबोर्डचं टोक दिसतं. सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत ब्रिजचं लाकूड दिसतं. आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे गिटारचं पोट, तिथे आतून बहुतेक वेळा काहीही लावलेलं नसतं. एक छोटा एलईडी दिवा आत सोडा, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा आरसा घ्या, फोनला जोडायचा एन्डोस्कोप कॅमेरा मिळाला तर अजून बरं. याशिवाय दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि नवंकोरं ब्लेड, बास. ब्लेड नवंच हवं बरं का, बोथट ब्लेडने लाकडाची छिद्रं चेपतात आणि मग भिंगातून नुसता चिखल दिसतो.

आता टॉप. एकाने सीडर म्हटलं म्हणून सांगतो, लेबलवरचं साल खरं असेल तर सीडर असायची शक्यता आधीच फार कमी आहे. क्लासिकल गिटारला वेस्टर्न रेड सीडरचा टॉप लावायची पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती १९६० च्या दशकाच्या मध्यात, माद्रिदच्या होसे रामिरेस तिसरा यांच्या कारखान्यातून. त्याआधी उत्तम क्लासिकल गिटार म्हणजे युरोपियन स्प्रूस हे जवळपास ठरलेलंच होतं. त्यामुळे १९५८ चं लेबल आणि सीडरचा टॉप एकत्र दिसले तर तीन शंका घ्यायच्या, लेबल दुसऱ्या गिटारचं आहे, टॉप नंतर बदललाय, किंवा तो सीडर नाहीच. माझ्याकडे आलेल्या गिटारींमध्ये बहुतेक वेळा तिसरंच निघालंय.

पक्कं कसं करायचं ते सांगतो. साउंडहोलची, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाची, कड घ्या, पण सगळी नाही, ब्रिजच्या बाजूचा जो भाग आहे तेवढाच, कारण टॉपच्या लाकडाचे रेषे तारांना समांतर जातात, त्यामुळे आडवा छेद फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला दिसतो, डाव्या-उजव्या बाजूला नाही. या कडेच्या आतल्या खालच्या कोपऱ्यावरून ब्लेडने केसाएवढा पातळ काप काढा, मुंगीएवढा, त्यापेक्षा मोठा अजिबात नको. ओल्या कापसाने ती जागा दमट करा आणि भिंग डोळ्याला अगदी चिकटवून, डोकं पुढेमागे करत फोकस लावा. स्प्रूस असेल तर वर्षवलयांच्या गडद पट्टीच्या आसपास अगदी टाचणीच्या टोकासारखे पांढुरके ठिपके दिसतील, एकेकटे किंवा दोन-दोन शेजारी. या राळेच्या नळ्या. सीडरमध्ये या नळ्या नसतात. ठिपका दिसला की सीडरचा विषय संपला. नाही दिसला तर मात्र लगेच निकाल देऊ नका, कारण नळ्या काही दर मिलिमीटरला नसतात, अजून दोन जागी बघा. दुसरी खूण म्हणजे वलयातला बदल, स्प्रूसमध्ये फिकट भागातून गडद भागात हळूहळू जातं आणि सीडरमध्ये तो बदल बराच एकदम होतो, गडद रेघ बारीक आणि ठसठशीत असते.

इथे एक घोळ हमखास होतो. साउंडहोलच्या कडेला दोन थर दिसले की लोक "अरे हा तर प्लाय" म्हणून मोकळे होतात. तसं नाहीये. रोझेटच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या नक्षीच्या, खाली मजबुतीसाठी पातळ लाकडाचा चकतीसारखा तुकडा चिकटवायची पद्धत जुनी आहे, तो दुसरा थर त्याचा असतो. प्लायमध्ये साधारण तीन थर दिसतात आणि मधला आडवा जातो. सोपी तपासणी म्हणजे वरच्या पृष्ठभागावरची एक वलयरेषा धरा आणि ती कडेवरून सरळ खाली उतरते का बघा, उतरली तर लाकूड सलग आहे.

वासाने पण खूप कळतं. आतून, ब्रेसपासून, म्हणजे आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्यांपासून, लांब, लेबलपासून तर खूपच लांब, बारीक पॉलिश पेपरने बोटाच्या पेराएवढी जागा दोनदा घासा आणि पेपर लगेच नाकाशी धरा. वेस्टर्न रेड सीडर साठ वर्षांनी सुद्धा मसालेदार, थोडा कडवट वास सोडतो, एकदा घेतला की विसरत नाही. स्प्रूसला जवळजवळ वासच नसतो.

पण तुमच्याकडे याहून भारी पुरावा आहे आणि तो म्हणजे तो उचललेला ब्रिज. तो तसाही काढून परत चिकटवावा लागणारच आहे. ब्रिज निघाला की खाली त्याच्याच आकाराची पट्टी दिसेल जिच्यावर इतकी वर्षं ना उजेड पडला ना पॉलिश. मागे माझ्याकडे अशीच एक गिटार आली होती, टॉप इतका लालसर की आणणाऱ्याने पैज लावायची तयारी दाखवली होती सीडर म्हणून. ब्रिज काढला, जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून पुसला, आणि खाली ताज्या लोण्यासारखी फिकट पट्टी, बाजूचा टॉप विटेसारखा आणि मध्ये हे आयत. सीडर असता तर तिथेही तपकिरीच दिसला असता, कारण त्याचा रंग मुळातला असतो. तो माणूस कितीतरी वेळ नुसता त्या पट्टीकडे बघत बसला होता.

स्प्रूस ठरला तरी पुढे युरोपियन, सिटका की एंगलमन हे मात्र भिंगाने ठरवायचा प्रयत्न करू नका. मोठ्या मायक्रोस्कोपखाली सुद्धा स्प्रूसच्या जाती वेगळ्या काढणं फार अवघड जातं. कामाच्या वहीत "स्प्रूस" एवढंच लिहा, गिटार कुठे बनली ते लेबलवरून कळलं तर "बहुधा युरोपियन" असं जोडा. दुरुस्तीसाठी एवढं पुरतं.

टॉप एवढा ताणून सांगतोय कारण दुरुस्तीत सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. सीडर मऊ असतो, नखाने सुद्धा खड्डा पडतो, क्लॅम्प जरा जास्त आवळला की चेपला. ब्रिज काढताना सीडरचे तंतू सुरीबरोबर उपटून येतात. शिवाय ओल्या सीडरला लोखंड लागलं की काळे-निळे डाग पडतात, म्हणून पाणी लावून काम करताना लोखंडी क्लॅम्प किंवा स्टील वूल त्याच्याजवळ नको. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एका सीडरच्या टॉपवर भेग भरताना स्प्रूसची चिरफळी बसली होती, मी टॉप रंगवलेला स्प्रूस समजलो होतो, पॉलिश करताना रंग जुळवला म्हणून तेव्हा चालून गेलं, पण काही वर्षांनी बाजूचा टॉप वेगळा बदलला आणि चिरफळी वेगळी, आणि ती रेघ आता कायमची दिसते. ती गिटार अजून वाजतेय पण मला ती रेघ आठवते, म्हणून कोणी विचारलं की मी आधी काप काढून बघायला सांगतो.

आता "सीडर" या नावाबद्दल थोडं, कारण याच नावाने जुन्या गिटारींच्या वर्णनात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. टॉपचा वेस्टर्न रेड सीडर म्हणजे थुजा प्लिकाटा. नेकचा स्पॅनिश सीडर म्हणजे सेड्रेला ओडोराटा, हा महागनीच्या कुळातला, सिगारच्या पेट्या याच्याच बनतात. आणि खरा सीडर म्हणजे आपला देवदार ज्या गणात येतो तो, त्याचा या दोघांशी काही संबंध नाही. त्यामुळे जुन्या कागदावर "सेद्रो" लिहिलेलं दिसलं तर ते बहुतेक नेकबद्दल आहे, टॉपबद्दल नाही. तसंच "पिनाबेते" म्हणजे स्पॅनिश मेकरच्या भाषेत स्प्रूस, आणि "जकरांडा" म्हणजे निळ्या-जांभळ्या फुलांचं झाड नव्हे, रोजवूड. "पालोसांतो" हे पण स्पेनच्या कारागिरांच्या बोलीत रोजवूडच. या नावांवरून ब्राझिलियन की इंडियन हे पक्कं होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

बॅक आणि साइडकडे येऊ. सगळ्यात आधी लाकूड सलग आहे की व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला पातळ पापुद्रा, ते बघा. बॅकवर बाहेरून एखादी ठळक काळी रेघ किंवा गाठ निवडा, मधल्या जोडापासून पट्टीने अंतर मोजा, मग आरशाने आतून त्याच जागी काय आहे ते बघा. बॅक अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड असते, त्यामुळे नक्षी हुबेहूब जुळणार नाही पण रेघ साधारण तिथेच हवी. बाहेर वाघासारखे पट्टे आणि आत साधं सरळ, तर ते व्हिनिअर. साइडच्या बाबतीत मात्र एवढ्यावरून गिटार स्वस्तातली ठरवू नका, काही नामांकित स्पॅनिश मेकर रोजवूडच्या साइडला आतून मुद्दाम सायप्रसचं अस्तर लावायचे.

लाकूड फिकट असेल तर प्रश्न सोपा होतो. पिवळसर, भिंगातून एकही छिद्र दिसत नाही आणि घासल्यावर तीव्र सुवास आला तर सायप्रस, कारण ते सूचिपर्णी झाड, त्याला छिद्रं नसतातच. छिद्रं आहेत पण अगदी बारीक आणि सगळीकडे सारखी पसरलेली, आणि उजेडात लाटा हलतात, तर मेपल. तुमच्या फोटोत ते गडद दिसतंय म्हणजे रोजवूडचा प्रश्न, आणि तो अवघड आहे.

इंडियन रोजवूड म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, आपली शिसवी. ब्राझिलियन म्हणजे डालबर्जिया नायग्रा. दोघं एकाच गणातले. साधारण खुणा अशा की शिसवीत जांभळट झाक असते, रेषा सरळ आणि शिस्तीत जातात, छिद्रं संख्येने जास्त. ब्राझिलियनमध्ये छिद्रं कमी आणि विखुरलेली, काळ्या रेषा कोळ्याच्या जाळ्यासारख्या भरकटलेल्या, रंगात नारिंगी-चॉकलेटी, आणि घासल्यावर गोडसर, गुलाबाची आठवण देणारा वास. अजून एक जुनी युक्ती आहे, आतून काढलेला बारीक भुसा काचेच्या वाटीत थोड्या स्पिरिटमध्ये टाकायचा. शिसवी स्पिरिटला जांभळट रंग देते, ब्राझिलियन साधारण नारिंगी-तपकिरीकडे जातं. हे वाटीतच करायचं हां, गिटारवर बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवू नका, कारण त्या काळच्या बऱ्याच क्लासिकल गिटारींना लाखेचं फ्रेंच पॉलिश असतं आणि स्पिरिट लागलं की ते तिथल्या तिथे विरघळतं.

पण या सगळ्या खुणा एकत्र केल्या तरी मी "ब्राझिलियन" असं छातीठोक लिहून देत नाही. मादागास्करचं रोजवूड, कोकोबोलो, होंडुरन, अ‍ॅमेझॉनचं डालबर्जिया स्प्रूसियाना ही सगळी मंडळी एकमेकांच्या जवळ जातात, शेवटचं तर मायक्रोस्कोपखाली पण नायग्रापासून खात्रीने वेगळं काढता येत नाही. पक्कं उत्तर हवं असेल तर लॅबमध्ये लाकडातल्या रसायनांचं मास स्पेक्ट्रोमेट्रीने विश्लेषण करतात, त्यासाठी छोटी चिरफळी पुरते. साल तुमच्या बाजूने आहे हे मान्य, १९५८ मध्ये ब्राझिलियन सर्रास वापरात होतं, मार्टिनसारख्या मोठ्या कंपनीने ते सोडून इंडियन घेतलं ते १९६९ मध्ये. पण साल शक्यता वाढवतं, सिद्ध काही करत नाही.

आणि हे नाव जपून वापरायचं अजून एक कारण आहे. डालबर्जिया नायग्रा १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट एक मध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. २०१७ च्या सुरुवातीपासून बाकी सगळे डालबर्जिया परिशिष्ट दोन मध्ये आले, मग २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ती सूट नायग्राला नाही. म्हणजे गिटार कधी दुसऱ्या देशात न्यायची, विकायची वेळ आली तर बॅक शिसवीची की नायग्राची यावर कागदपत्रं अवलंबून आहेत. हौसेने "ब्राझिलियन" लिहून टाकलं तरी अडचण, आणि माहीत असून लपवलं तर त्याहून मोठी अडचण. "डालबर्जिया, जात तपासलेली नाही" हे वाक्य प्रामाणिक आहे, तेच लिहा.

बॅकच्या नावाचं लोकांना फार वेड असतं म्हणून एक सांगावंसं वाटतं. आजच्या क्लासिकल गिटारचा साचा ज्यांनी घालून दिला त्या अंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये एका गिटारची बॅक आणि साइड कागदाच्या लगद्याची केली होती, टॉप मात्र उत्तम स्प्रूसचा. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. त्यामुळे तुमची बॅक शिसवी निघाली तर अजिबात हिरमुसू नका, शिसवी फार गुणी लाकूड आहे.

फ्रेटबोर्डचं पटकन सांगतो. काळं म्हणजे एबनी असं नसतं, पेअरसारखं घट्ट बारीक पोताचं लाकूड काळं रंगवून लावायची पद्धत युरोपात खूप जुनी. फ्रेट, म्हणजे बोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, घासल्या गेल्यात तिथे, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटजवळ, बोटांनी झिजलेल्या खळग्यात तपकिरी दिसतंय का बघा. साउंडहोलकडच्या टोकाला, खालच्या बाजूने ब्लेडने किंचित खरवडा, रंग वरवरचा असेल तर लगेच फिकट लाकूड उघडं पडतं. एबनी आतपर्यंत काळं किंवा काळ्यात तपकिरी पट्टे असं असतं, आणि ब्लेडला दगडासारखं लागतं. रंगवलेलं निघालं तर फ्रेट बदलताना बोर्ड रंधून सपाट करू नका, सगळा रंग जाईल आणि पट्टे उमटतील.

नेकसाठी गिटारच्या आत, हीलच्या, म्हणजे नेक आणि पोटाच्या सांध्याच्या, ठिकाणी बघा. स्पॅनिश पद्धतीच्या बांधणीत नेकचंच लाकूड आत पायासारखं येतं आणि ते कोरं असतं. सिगारच्या पेटीचा वास, वजनाला हलकं, आडव्या छेदात वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग, तर स्पॅनिश सीडर. छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली आणि काही छिद्रांत गडद रंगाचा साका, तर महागनी. आफ्रिकन की होंडुरन यात आत्ता पडू नका.

अंधार करून एक अल्ट्राव्हायोलेट टॉर्च पण फिरवा. त्याने लाकूड कळत नाही पण जुनी दुरुस्ती कळते. लाखेचं पॉलिश नारिंगी चमकतं, जुनं नायट्रोसेल्युलोज हिरवट-पिवळं, आणि एकाच टॉपवर दोन रंग दिसले तर तिथे आधी कोणीतरी हात घातलाय, मग तिथलं लाकूड मूळचं धरून नमुना घेऊ नका.

भुशाची काळजी घ्या, हे मनापासून सांगतो. रोजवूडच्या भुशाने काहींच्या अंगावर जबरदस्त पुरळ येतं आणि एकदा त्रास सुरू झाला की नंतर थोड्याने पण उमटतं. सीडरच्या भुशाने काहींना दमा होतो. एवढ्याशा घासण्याला काय मास्क लावायचा असं म्हणू नका, तोंड साउंडहोलजवळ असतं त्यावेळी.

लेबलच्या सालाबद्दल शंका राहिलीच तर टॉपच्या वर्षवलयांवरून काळ काढणारे तज्ज्ञ असतात, वाद्याला हात न लावता चांगल्या फोटोवरून वलयांची रुंदी मोजून जुळवतात. त्यातून शेवटचं वलय कोणत्या वर्षाचं ते मिळतं, म्हणजे गिटार त्याआधीची असूच शकत नाही. ते वलय १९७० चं निघालं तर लेबलचं काय करायचं ते तुम्हीच ठरवाल.

आता तुमच्या भेगेपुरतं. लाकूड ठरेपर्यंत गिटार ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत दोन-तीन आठवडे ठेवा, तारा उतरवून, कारण कोरड्या हवेत भेग उघडते आणि आपण उगाच चिरफळी भरायला जातो, बऱ्याचदा ती नंतर आपोआप मिटते आणि नुसत्या सरसाने जोडता येते. उघडीच राहिली आणि टॉप स्प्रूस ठरला तर जुन्या पियानोच्या साउंडबोर्डचा तुकडा शोधा, तो स्प्रूसचा असतो, वयाने जवळचा, आणि त्यात तुमच्या टॉपसारखी दाट वलयं कुठे आहेत ती जागा बघून चिरफळी काढा. ब्रिज काढताना सुरी कुठल्या बाजूने सरकवायची हे तंतू कुठे वर येतात त्यावर ठरतं, आधी एका टोकाने अर्धा सेंटिमीटर जाऊन बघा, तंतू उचलायला लागले तर थांबा आणि दुसऱ्या बाजूने या. आणि ब्रिज रोजवूडचा निघाला तर परत चिकटवायच्या अगदी आधी त्याचा तळ खरवडून ताजा करा, त्यातलं तेल वर आलं की सरस धरत नाही.

काढलेले सगळे काप आणि चिरफळ्या फेकू नका. प्रत्येक वेगळ्या कागदाच्या पाकिटात घाला, वर कुठून काढली आणि कधी ते पेन्सिलने लिहा, आणि पाकिटं गिटारच्या केसमध्येच ठेवा. बॅकचा नमुना लॅबला पाठवायचं ठरलं तर तोच देता येईल, परत ब्लेड लावायची गरज नाही. आणि ब्रिज निघाला की खालच्या पट्टीचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढून ठेवा, पुसायच्या आधी एक आणि पुसल्यावर एक.